निजलाय, निजलंय

"प्रश्न जसा येईल तसाच ठेव. शुद्ध करायला जाऊ नकोस," असं पद्मजाबाईंनी दर्शनाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि दर्शनाने मान डोलावून ते तिथेच सोडून दिलं होतं. दादरच्या त्या कचेरीत, खिडकीला चिकटून ठेवलेल्या टेबलापाशी, बाईंनी चष्मा काढून पदराच्या टोकाने पुसत आणखी एक वाक्य जोडलं होतं: "चुकून लिहिलेल्यातच कधी कधी माणूस सापडतो, बाळा." दर्शनाला तेव्हा मनातल्या मनात हसू आलं होतं. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीला चुका तशाच ठेव म्हणून सांगायचं म्हणजे धोब्याला डाग तेवढे राहू दे म्हणण्यासारखं. काम साधं होतं. कचेरी एका ख्रिस्ती संस्थेची, तिचं इंटरनेटवर एक पान होतं, त्यावर लोक बायबलातल्या ओळींचे अर्थ विचारायचे. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे का करायचा, अंजिराच्या झाडाला शाप का दिला, आईबापांचा द्वेष कर असं येशू खरंच म्हणाला का. लाजेकाजेचे प्रश्नही येत, म्हणून पानावर फक्त नाव आणि गाव विचारलेलं, फोन नंबर नाही. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं बाईंनीच वर्षानुवर्षं तयार करून ठेवली होती. दर्शनाने ती नीट मराठीत बसवायची, प्रश्नाच्या खाली लावायची, आणि लावता लावता प्रश्नातले ऱ्हस्व-दीर्घ, लिंग-वचन, पूर्णविराम सरळ करायचे. हे शेवटचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप करायचा. ती स्वतः ख्रिस्ती नव्हती. तिचं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं, कोकणातल्या देवांच्या तसबिरी लावलेलं. पण मूल झाल्यावर घरी बसून करता येईल असं काम दुसरं कुठे मिळतं, आणि अर्थ सांगायला विश्वास कशाला लागतो, अर्थ तर शब्दांत असतो, असं ती नवऱ्याला, वैभवला, मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती.

आज दुपारी ध्रुव झोपल्यावर परळच्या भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून तिने पान उघडलं, आणि सगळ्यात वर जाईचा प्रश्न होता. जाई, लालबाग. हे नाव ओळखीचं झालं होतं. गेल्या आठवड्यापासून ही बाई एकाच गोष्टीबद्दल विचारत होती. याईर नावाच्या अधिकाऱ्याची मुलगी जाते, घरात रडारड चालू असते, आणि येशू दारात येऊन म्हणतो की पोर मेलेली नाही, झोपली आहे. जमलेले लोक त्याला हसतात. जाईने आधी विचारलं होतं, झोपली म्हणजे काय. दर्शनाने तयार उत्तर लावलं: शास्त्रात मरणाला झोप म्हटलं आहे, कारण ज्याला हाक मारता येते तो झोपलेलाच असतो. बाईंचं वाक्य, पण शेवटची लय दर्शनाची, आणि त्या लयीवर ती जरा खूषही झाली होती. मग जाईने विचारलं, त्याने लोकांना घराबाहेर का काढलं. त्याचंही उत्तर तयार होतं: ज्यांचा विश्वास नाही त्यांचं हसणं आत असेल तर चमत्काराला जागा उरत नाही, म्हणून त्याने दार लावून घेतलं. आणि आज तिसरं. बोलून टाईप केलेलं असावं, कारण कुठे श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती. दर्शनाने वाचता वाचता हात फिरवला, पूर्णविराम टाकले, लिंग सरळ केलं, आणि मग झालेलं वाक्य तिने पुन्हा वाचलं. बाळ निजलंय. उठत नाही. शेजारीण डोकावली, तिला बाहेर काढलं आणि दार लावलं. आता तो केव्हा येईल?

ती उठली आणि आधी ध्रुवकडे गेली. हे तिचं रोजचंच. तो झोपला की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, ऊब लागली की काढायची, भांडी विसळून आली की पुन्हा धरायची. वैभव म्हणायचा, "अगं, तो काय गॅस आहे का, सारखा बंद केलाय का बघायला." आजही ऊब लागली. पण बोट काढावंसं वाटेना. ध्रुवच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक ठिपके होते आणि पापण्यांच्या आत डोळे फिरत होते, कुठेतरी जात असल्यासारखे. बाळ निजलंय. हे वाक्य ती दिवसातून कितीदा म्हणते. दारावर कोणी आलं की, फोनवर, वैभवला मेसेजमध्ये. त्या बाईनेही तसंच म्हटलं असेल. झोपलं असेल पोर, उन्हाचं झोपतातच मुलं जास्त वेळ. मग उठत नाही कशाला लिहिलं? आणि शेजारणीला बाहेर का काढलं? तिला लालबागची एक खोली दिसायला लागली, पाळण्याची दोरी हातात धरून बसलेली, केस न विंचरलेली, तिच्याच वयाची एक बाई. बाळंतपणानंतर दर्शनालाही काही आठवडे असंच व्हायचं, भिंतीतून कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगतंय आणि ते आपल्यालाच कळतंय असं वाटायचं. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ते आपोआप गेलं. जाईचं गेलं नसेल तर? आणि त्या भिंतीतून बोलणाऱ्याने दर्शनाचीच वाक्यं उचलली असतील तर? हाक मारता येते तो झोपलेलाच असतो. दार लावून घेतलं. तिने ती दोन्ही उत्तरं पुन्हा उघडून वाचली. छान होती. छान होती म्हणूनच उचलली असतील.

तिने उत्तराच्या चौकटीत लिहिलं: ताई, बाळाचा श्वास चालू आहे का? लगेच डॉक्टरांकडे न्या. दार उघडा. तुमचा नंबर द्या. लावून टाकलं. पान तसंच राहिलं. तिने पद्मजाबाईंना फोन लावला.

"सलाम, दर्शना. काय गं, धापा कसल्या टाकतेस?" चर्चच्या मंडळीत सलाम म्हणायची रीत होती.

दर्शनाने सगळं सांगितलं. बाईंच्या मागे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी कोणालातरी गॅस बारीक करायला सांगितलं. मग म्हणाल्या, "वाच बघू मला."

"बाळ निजलंय. उठत नाही. शेजारीण..."

"हे तू सुधारलेलं वाचतेस. जसं आलंय तसं वाच."

"तेच आहे हो, बाई."

"तेच असेल तर वाचायला काय जातं?"

दर्शनाने मूळ मजकूर काढला. तो तसाच पडला होता, तिच्या पूर्णविरामांच्या खाली. बाळ निजलाय उठत नाय शेजारीण डोकावली तिला बाहेर काढली दार लावलं आता तो केव्हा येईल. तिने तसंच वाचलं.

"निजलाय," बाई म्हणाल्या.

"हो. मी ते... चूक होती ना ती. बाळ निजलंय. बाळ नपुंसकलिंगी."

"बाळ नावाचा माणूस नपुंसकलिंगी नसतो गं." बाईंचा आवाज चढला नाही, उतरला. "आमच्या घराजवळ बाळ म्हणून एक होते, सत्तरीचे. मिशा होत्या. निजलाय म्हणते ती. बाप्या माणूस आहे."

दर्शना पलंगाच्या कडेवर बसली. पाळण्याची दोरी धरलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढून जाईना, आणि तिच्या जागी कोणाला बसवायचं हेही कळेना. मग जाई कोण? बाळची बायको? बायको नवऱ्याला बाळ म्हणेल? बहीण? आणि पुरुष दुपारचा झोपला तर झोपला, त्यात येशूने येण्यासारखं काय आहे? क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं, मूल नाही, मूल नाही, आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली. "लालबागात आपल्या मंडळीतली दोन घरं आहेत," बाई सांगत होत्या, "तिथे जाई कोणी नाही. पण ती आपली असेलच असं कुठे आहे? त्या पानावर निम्मे विचारणारे आपले नसतात." "सांगणारी तरी कुठे आहे," असं म्हणून त्या कोरडं हसल्या. मग म्हणाल्या, "मी टॅक्सी करते आणि निघते. दुकानांत विचारत जाईन. तू तिथून हलू नकोस, तिच्याशी बोलत राहा. अर्थ सांगू नकोस आता. विचार."

विचार. काय विचारायचं? तिने लिहिलं, बाळ तुमचे कोण? किती वयाचे? आणि ती वाट बघत राहिली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि गाडीतून तेच ते बायकी आवाजातलं यांत्रिक बोलणं येत होतं. निजलाय. हा शब्द तिने आता मोठ्याने म्हणून पाहिला, आणि तो तिच्या तोंडात जुना निघाला. नायगावच्या चाळीत हा शब्द तिने खूप ऐकला होता. आजो निजलाय. तिचा आजो, धोंडू आजो, गिरणी बंद पडल्यावर त्याच गिरणीच्या गेटवर रात्रीचा वॉचमन म्हणून राहिला होता. आयुष्यभर ज्या दारातून आत गेला त्या दारावर बाहेर बसायचा. तो सकाळी यायचा, पेज प्यायचा आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग अख्ख्या घराला बोलायची बंदी. फक्त त्यांच्याच नाही, सगळ्या मजल्याला. त्या चाळीत रातपाळीहून आलेल्या माणसाला उठवणं हे पाप होतं, देवाला पाय लागण्यापेक्षा मोठं. मुलांना लहानपणीच शिकवायचे, रंगीत पडदा ओढलेला असला की त्या दारापुढून चप्पल हातात घेऊन जायचं. आणि चुकून कोणी उठवलंच, तर आजो डोळे न उघडता अशा शिव्या घालायचा की आजी कानावर हात ठेवून हसायची. "काय गो चेडवा, उठवलंस वाघाक," म्हणायची. अशाच एका दुपारी दर्शना उंबऱ्यावर बसली होती, पाच वर्षांची असेल. आजी बाजारात जाताना सांगून गेली होती, आजो निजलाय, कोणाक आत सोडू नको. दर्शनाने कोणालाच सोडलं नाही. शेजारची कमलाबाई साखर मागायला आली तर तिने ओठांवर बोट ठेवून तिला परत पाठवलं. गोट्या खेळायला मुलं आली, त्यांनाही. एक मांजर आलं, तेही. मोठी झाल्यासारखं वाटत होतं. ऊन उंबऱ्यावरून सरकत आत गेलं आणि आजोच्या पाठीवर चढलं, एरवी तो अशा वेळी कूस बदलायचा, आणि तिने पाहिलं की तो बदलत नाही, आणि तिला वाटलं किती छान झोप लागली आहे. संध्याकाळी आजी आली. आजी, जिला सगळे रमाबाई म्हणत, पिशवी खाली ठेवून आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिने दर्शनाला एकच विचारलं, "खय कोण इला नाय मा?" आणि दर्शना अभिमानाने म्हणाली, कोणालाच सोडलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले असतील काहीतरी, सकाळी कळलं असतं तर, दुपारी कळलं असतं तर. तिला कोणी कधी बोललं नाही. आजीने तिला जवळ घेतलं आणि कितीतरी वर्षं जवळच घेत राहिली. पण त्या दुपारी आजोने शिव्या दिल्या नाहीत, एवढंच तिला आठवतं, मग लग्न, मग चाळ पाडायला रिकामी झाली, तो उंबराही गेला, आणि मधल्या काळात ती बोट धरून बघायला शिकली. वैभवला हे माहीत नाही. तो गॅसची मस्करी करतो.

पान हललं. जाईने लिहिलं होतं. बाळ माझा मुलगा पन्नाशीचा रातपाळी करून इला निजलाय. आणि खाली, वेगळं: तुम्ही हसताव काय.

पन्नाशीचा मुलगा म्हणजे आई सत्तर-पंचाहत्तरची. एकटी. मोबाईलला तोंड लावून, बोललेलं आपोआप लिहिलं जातंय याचंच तिला आश्चर्य वाटत असेल. दर्शनाने घाईघाईत लिहिलं, मी हसत नाही. कधी आले ते रातपाळीहून? आज सकाळी की काल? पुन्हा काही नाही. कदाचित आजच सकाळी आला असेल. कदाचित नव्या टॉवरमधल्या कुठल्यातरी ऑफिसात रात्रभर उभा राहून आला असेल आणि मेल्यासारखा झोपला असेल. मेल्यासारखा, हे आपण सहज म्हणतो. आणि म्हातारीला विसरायला होत असेल, तिला दर तासाला नवीन भीती वाटत असेल. पण मग आठवडाभर आधी तिने झोपेचा अर्थ कशाला विचारला? आठवड्यापूर्वीच तिला काहीतरी दिसलं असेल, त्याचं न उठणं, चक्कर, पायावर सूज, काहीतरी. आणि विचारायला तिला दुसरं कोणी नव्हतं. तिने ओळीचा अर्थ विचारला आणि दर्शनाने ओळीचा अर्थ सांगितला. याईराच्या गोष्टीत तरी खरं काय होतं? पोर नुसती झोपली होती, तर चमत्कार कसला. मेली होती, तर येशू खोटं का बोलला. आणि आत्ता रडत होते ते लोक एकदम हसायला कसे लागले, इतक्या पटकन रडणं आणि हसणं बदलतं का? तिने हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिने फक्त लय बघितली होती. त्या गोष्टीतलं तिला एकच आवडायचं, शेवटी पोर उठते आणि येशू म्हणतो, तिला खायला द्या. आईला सुचेल असं. तिने लिहिलं, मावशी, बाळ जेवले का? यावर मात्र लगेच आलं. ताट झाकून ठेवलाय उठलो की जेवतलो.

झाकून ठेवलेलं ताट, उठला की जेवेल म्हणून. ती ते वाक्य बघत राहिली, आणि यावेळी हात त्याला लागला नाही.

तिने आणीबाणीचा नंबर फिरवला. पलीकडचा माणूस थकलेला पण सभ्य होता. "मॅडम, बिल्डिंगचं नाव? नाही? गल्ली? नाही. आडनाव? बरं, प्रॉब्लेम काय आहे?" "तो झोपलाय," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ऐकू आलं ते कसं वाटतंय. पलीकडे एक छोटा श्वास, हसू दाबल्याचा. "झोपलाय ना? मग पत्ता मिळाला की सांगा, गाडी पाठवतो." वैभवला फोन केला. तो म्हणाला, "दर्शू, लालबागात जाई किती असतील, आणि बाळ तर दर मजल्याला एक." मग तिचा आवाज ऐकून त्याचा सूर बदलला. "ऐक. लालबागच्या निलेशला सांगतो, गणपती मंडळाची पोरं घरोघरी वर्गणीला फिरतात, त्यांना म्हाताऱ्या बायका ठाऊक असतात. मीपण सुटतो आता. तू ध्रुवला घेऊन कुठे निघू नकोस." पद्मजाबाईंचा फोन आला, मागे बाजाराचा कालवा. मसाल्याच्या दुकानांत विचारलं, एका जाईबाईकडे गेले, ती दुसरीच निघाली, तिला मुलगीच आहे, चहा घ्या म्हणत होती. "नवीन टॉवर आणि जुन्या चाळी, दोन्हींत दारं लावलेलीच आहेत गं," बाई म्हणाल्या. "पूर्वी असं नव्हतं. बोलते का ती?" दर्शना म्हणाली, नाही. ताटानंतर काही नाही.

ध्रुव जागा झाला. रडला नाही, नुसता पडून पंख्याकडे बघत हात हलवत राहिला. तिने त्याला मांडीवर घेतलं. त्याच्या डोक्याला झोपेचा, दुधाचा वास होता. बाहेरचं ऊन पिवळं होत आलेलं. तिला वाटलं, आपण अजून उंबऱ्यावरच बसलोय, ओठांवर बोट ठेवून, आणि लोक येतायत आणि आपण त्यांना परत पाठवतोय, गोड बोलून, शुद्ध बोलून. जाईने शेजारणीला बाहेर काढलं. सांगितलं कोणी? आणि आता त्या दारात सगळा लालबाग उभा केला तरी कोणत्या दारात उभा करायचा हे कळत नाही. पण ते पान लोक वाचतात. किती वाचतात तिला ठाऊक नव्हतं. झोपण्याआधी वाचणाऱ्या बायका, पाळीवर बसलेले वॉचमन, कोणी लालबागचे, कोणी परळचे, कोणी ज्यांची बहीण तिथे दिली आहे. ते ओळीचा अर्थ वाचायला येतात. पानावर खाजगी काही लावायचं नाही हा संस्थेचा नियम होता, आणि तो बाईंनीच केलेला होता. बाईंना विचारावं असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, बाई आत्ता लालबागच्या रस्त्यावर दारं वाजवत फिरतायत, हेच त्यांचं उत्तर.

तिने याईराच्या मुलीखालची आपली दोन्ही उत्तरं काढून टाकली. जाईचा प्रश्न वर घेतला, आला होता तसा, एका श्वासातला, निजलाय आणि नाय आणि बाहेर काढली यांच्यासकट. ध्रुव तिच्या हनुवटीला धरून ओढत होता. एका हाताने, अडखळत, तिने खाली लिहिलं:

या ओळीचा अर्थ मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं लिहिलं होतं, ते काढलं आहे. हे वाचणारे तुम्ही लालबागला राहत असाल, किंवा तुमचं तिथे कोणी असेल, तर एक करा. तुमच्या मजल्यावर, समोरच्या चाळीत, खालच्या घरात जाई नावाच्या वयस्क बाई असतील, बोलण्यात मालवणी असेल, मुलाचं नाव बाळ, पन्नाशीचा, रातपाळी करतो, आणि आज दार लावलेलं असेल, तर आत्ता उठून जा आणि ते दार वाजवा. तो निजलाय असं त्या सांगतील. परत फिरू नका. त्यांना हसूही नका. त्या तुम्हाला बाहेर काढतील, तरी आत जा. त्याच्या नाकाखाली बोट धरा. मग त्याला हलवा, जोरात, नावाने हाक मारा. रातपाळीचा माणूस आहे, झोपमोड झाली म्हणून तो तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या घालील. घातल्या तर लगेच मला कळवा.